टीआयएल उपचार

टीआयएल उपचार : कर्करोगाच्या गाठीत आधीच शिरलेल्या लसीकापेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) त्या गाठीतून बाहेर काढून, प्रयोगशाळेत त्यांची संख्या अब्जांवर नेऊन, त्याच रुग्णाला शिरेवाटे परत देण्याची प्रतिरक्षा उपचारपद्धती. ट्यूमर इन्फिल्ट्रेटिंग लिम्फोसाइट्स या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला टीआयएल म्हणतात. शस्त्रक्रियेने काढता न येणारा किंवा शरीरात पसरलेला मेलानोमा, म्हणजे रंगद्रव्यपेशींचा कर्करोग, हे तिचे मुख्य क्षेत्र. त्यातही पीडी-१ रोधक, म्हणजे प्रतिरक्षापेशींचा लगाम सैल करणारी, औषधे देऊनही वाढतच राहिलेला. १६ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लिफिल्यूसेल या टीआयएल उत्पादनाला त्वरित प्रक्रियेतून मान्यता दिली. घन गाठींच्या कर्करोगासाठी तेथे मान्य झालेला हा पहिला टी-पेशी उपचार होय. टी-पेशी म्हणजे रोगट पेशी ओळखून मारणाऱ्या लसीकापेशी.

घन गाठींचा प्रश्न

रक्ताच्या कर्करोगात कार-टी पेशींना, म्हणजे ठरावीक प्रथिनावर नेम धरण्यासाठी जनुकीय बदल केलेल्या टी-पेशींना, मिळालेले यश फुप्फुस, स्वादुपिंड, आतडे यांच्या गाठींत तसेच्या तसे उतरले नाही. अडचण मुख्यतः लक्ष्य निवडण्याची आहे. बी-पेशींच्या ल्युकेमियात सीडी१९ या प्रथिनावर नेम धरला की निरोगी बी-पेशीही मरतात. पण त्यांच्यावाचून माणूस जगू शकतो, लागणारी प्रतिपिंडे बाहेरून देता येतात. घन गाठीवरची बहुतेक प्रथिने मात्र थोड्याफार प्रमाणात निरोगी अवयवांवरही असतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रकरणात एचईआर२ प्रथिनावर रोखलेल्या १० अब्ज कार-टी पेशी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णाला दिल्या होत्या. फुप्फुसाच्या पेशींवर तेच प्रथिन अत्यल्प प्रमाणात होते. पेशींनी त्यावरच हल्ला चढवल्याचे मानले जाते. पाच दिवसांत रुग्ण दगावला.

टीआयएल पद्धतीत लक्ष्य आपण निवडायचेच नसते. गाठीत शिरलेल्या टी-पेशींपैकी काहींनी कर्करोगपेशी आधीच ओळखलेली असते. कर्करोगपेशीच्या जनुकांत झालेल्या बदलांमुळे तिच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे असे तुकडे दिसू लागतात, जे निरोगी पेशीवर कधीच नसतात. त्यांना नवप्रतिजने म्हणतात. टीआयएलच्या मिश्रणात वेगवेगळी नवप्रतिजने ओळखणाऱ्या पेशी एकत्र असल्याने एखादे प्रतिजन गाठीने लपवले तरी बाकीच्या पेशी कामाच्या राहतात. अतिनील किरणांमुळे त्वचेच्या मेलानोमात असे बदल फार मोठ्या संख्येने झालेले असतात. ही पद्धत मेलानोमातच का रुजली, याचे बरेचसे उत्तर यात आहे.

मग या पेशी शरीरात असतानाच गाठ का नष्ट करत नाहीत? त्या संख्येने थोड्या असतात, सततच्या उत्तेजनाने थकलेल्या असतात आणि नियामक टी-पेशी (इतर प्रतिरक्षापेशींना आवर घालणाऱ्या) व गाठीतली रासायनिक परिस्थिती त्यांना दाबून ठेवते. पीडी-१ रोधक औषधे यातला फक्त एक लगाम सैल करतात. टीआयएल उपचारात पेशींना त्या परिस्थितीतूनच बाहेर काढले जाते.

विकास

अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या गटाने १९८६ मध्ये उंदरांवरील आणि १९८८ मध्ये मेलानोमाच्या २० रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. २० पैकी ११ जणांच्या गाठी लहान झाल्या, पण परिणाम टिकत नसे. सोडलेल्या पेशी काही दिवसांतच रक्तातून दिसेनाशा होत. २००२ मध्ये याच गटाने पेशी देण्यापूर्वी रुग्णाच्या स्वतःच्या लसीकापेशी केमोथेरपीने जवळजवळ पुसून टाकल्या. १३ पैकी ६ रुग्णांत गाठी निकषानुसार लहान झाल्या आणि काहींच्या शरीरात दिलेल्या पेशी महिनोन्‌महिने टिकून राहिल्या. आजची पद्धत याच पायावर उभी आहे.

पेशींची निर्मिती

सुरुवात शस्त्रक्रियागृहात होते आणि पुढचे बरेच काही तिथेच ठरते. लिफिल्यूसेलसाठी एक किंवा अनेक गाठी मिळून किमान दीड सेंटिमीटर व्यासाचा ऊतक लागतो. मधोमध सडलेली गाठ दिसायला मोठी असली तरी तिच्यात जिवंत पेशी कमी असतात. अलीकडेच किरणोपचार झालेली गाठही टाळावी लागते. त्वचेवरची फुटलेली गाठ किंवा आतड्याला चिकटलेली गाठ घेतली की जंतू सोबत येतात आणि पुढे सगळी वाढ वाया जाऊ शकते. शल्यचिकित्सकाच्या दृष्टीने काढायला सर्वांत सोपी गाठ पेशी वाढवायलाही चांगली असेलच असे नाही. ज्या गाठीवरून पुढे प्रतिसाद मोजायचा ती सहसा काढत नाहीत. मोजण्यासाठी दुसरी गाठ शरीरात शिल्लक ठेवतात.

काढलेला ऊतक निर्जंतुक द्रवात, थंड स्थितीत प्रयोगशाळेत जातो. चरबी आणि मृत भाग बाजूला करून त्याचे १ ते ३ मिलिमीटरचे तुकडे करतात. तुकडे याहून मोठे ठेवले तर पोषकद्रव गाभ्यापर्यंत पोहोचत नाही.

वाढीचा पहिला टप्पा म्हणजे या तुकड्यांमधून लसीकापेशी बाहेर येऊ देणे. पोषकद्रवात इंटरल्यूकिन-२ हे टी-पेशींची वाढ करणारे प्रथिन प्रति मिलिलिटर ६,००० एकक असते. पेशी रांगत बाहेर येतात, विभाजित होतात आणि तुकड्यातल्या कर्करोगपेशी हळूहळू मरून जातात. जुन्या पद्धतीत या टप्प्याला दोन ते पाच आठवडे लागत. शिवाय प्रत्येक कुपीतल्या पेशी रुग्णाच्या कर्करोगपेशींसमोर ठेवून, इंटरफेरॉन-गॅमा (टी-पेशीने लक्ष्य ओळखल्याची खूण असलेले प्रथिन) सोडणाऱ्या तेवढ्याच पुढे नेत. ही निवड तर्काला धरून होती, पण तीत आणखी वेळ जाई, पेशी म्हाताऱ्या होत आणि अनेकांच्या बाबतीत चाचणीसाठी कर्करोगपेशीच वाढत नसत. त्यामुळे मेलानोमात निवड न करता तरुण पेशी लवकर वापरण्याकडे कल वळला. आताच्या व्यापारी पद्धतीत हा टप्पा सुमारे ११ दिवसांचा असतो.

दुसरा टप्पा जलद वाढीचा. टी-पेशींच्या सीडी३ ग्राहीला चिकटणारे ओकेटी३ हे प्रतिपिंड प्रति मिलिलिटर ३० नॅनोग्रॅम, इंटरल्यूकिन-२ प्रति मिलिलिटर ३,००० एकक आणि निरोगी दात्यांच्या रक्तातल्या, किरणांनी विभाजनक्षमता काढून घेतलेल्या पोषकपेशी एकत्र देतात. मूळ पद्धतीत एका टीआयएल पेशीमागे १०० ते २०० पोषकपेशी घालत. तळातून वायू आरपार जाऊ देणाऱ्या भांड्यांत किंवा पिशव्यांत पेशी दोन आठवड्यांत हजारपटीच्या आसपास वाढू शकतात. लिफिल्यूसेलची निर्मिती सुरुवातीपासून शेवटपर्यंत २२ दिवसांची आहे. त्यानंतर पेशी धुऊन, पिशव्यांत भरून, द्रव नायट्रोजनच्या वाफेत गोठवतात. जंतूविरहितता, मायकोप्लाझ्मा (सूक्ष्म जिवाणू), एंडोटॉक्सिन (जिवाणूंचे विष), जिवंत पेशींचे प्रमाण, टी-पेशींचे प्रमाण आणि इंटरफेरॉन-गॅमा सोडण्याची क्षमता या चाचण्या पार पडल्याशिवाय पिशवी रुग्णालयाकडे जात नाही. तपासणी आणि वाहतूक धरता एकूण काळ महिन्याच्या पुढे जातो.

अंतिम मात्रा साडेसात अब्ज ते ७२ अब्ज जिवंत पेशी. एवढा मोठा पल्ला कोणत्याही गोळीला मान्य झाला नसता. प्रत्येक रुग्णाचे उत्पादन वेगळे असते आणि अब्जांत मोजलेल्या पेशींपैकी प्रत्यक्ष गाठ ओळखणाऱ्या किती, हे या आकड्यातून कळत नाही. टीआयएलविषयीच्या बहुतेक वादांचे मूळ इथे आहे.

रुग्णाची तयारी आणि पेशी देणे

पिशवी तयार असून ती वापरण्यास मोकळी झाल्याची खात्री होईपर्यंत केमोथेरपी सुरू करायची नसते. एकदा रुग्णाची प्रतिकारशक्ती पुसल्यावर पेशी आल्याच नाहीत, तर त्याला केवळ धोका उरतो. खात्री झाल्यावर सायक्लोफॉस्फामाइड प्रति किलो वजनामागे रोज ६० मिलिग्रॅम दोन दिवस देतात. मूत्राशय जपण्यासाठी सोबत मेस्ना असते. त्यानंतर फ्लुडाराबिन शरीरपृष्ठाच्या प्रति चौरस मीटरला रोज २५ मिलिग्रॅम पाच दिवस. मूत्रपिंडे दुबळी असतील तर फ्लुडाराबिन साचते, म्हणून मात्रा कमी करावी लागते. या केमोथेरपीचा हेतू गाठ मारणे हा नाही. नियामक टी-पेशी हटतात आणि शरीरातली इंटरल्यूकिन-७ व १५ ही वाढप्रथिने खाणारे इतर दावेदार उरत नाहीत, त्यामुळे नव्या पेशींना जागा आणि खुराक मिळतो. संपूर्ण शरीराला १२ ग्रे (किरणमात्रेचे एकक) किरणोपचार जोडून ही पुसणी आणखी खोल केली तर फायदा होईल अशी अपेक्षा होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०१ रुग्णांच्या यादृच्छिक चाचणीत मात्र दोन्ही गटांत पूर्ण प्रतिसाद २४ टक्केच निघाला.

पिशवी रुग्णाच्या खाटेजवळ वितळवून, ओळख दोनदा पडताळून पेशी शिरेतून सोडतात. पेशींचे गाळण होऊ नये म्हणून पांढऱ्या पेशी अडवणारा फिल्टर लावायचा नाही. ३ ते २४ तासांनी इंटरल्यूकिन-२ सुरू होते : प्रति किलो ६ लाख एकक, दर ८ ते १२ तासांनी, जास्तीत जास्त सहा मात्रा. पूर्वी पंधरापर्यंत मात्रा देत.

काय बिघडते

टीआयएलचे दुष्परिणाम बहुतांशी टीआयएलचे नसतात. केमोथेरपीमुळे पांढऱ्या पेशी, तांबड्या पेशी आणि बिंबाणू कोसळतात. जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव हे धोके तिथून येतात. इंटरल्यूकिन-२ मुळे केशवाहिन्या गळू लागतात : रक्तदाब उतरतो, वजन वाढते, फुप्फुसात पाणी भरते, लघवी घटते, काही रुग्ण भ्रमात जातात. अशा वेळी पुढची मात्रा रोखणे हाच मुख्य उपाय. ठरलेल्या सहा पूर्ण करण्याचा हट्ट धरायचा नसतो. स्टेरॉइड दिले तर नुकत्याच सोडलेल्या टी-पेशीच मरतात, म्हणून जिवावर बेतल्याखेरीज ते टाळतात. पेशी स्वतः करतात त्या इजा सौम्य आणि बोलक्या असतात : मेलानोमा व निरोगी रंगद्रव्यपेशी यांच्यात समान असलेली प्रतिजने मारली गेल्याने त्वचेवर कोड उमटते, कधी डोळ्यांचा दाह होतो किंवा ऐकू येणे कमी होते.

यामुळे हृदय, फुप्फुस आणि मूत्रपिंडे सक्षम असलेलेच रुग्ण घेतले जातात. लिफिल्यूसेलच्या माहितीपत्रकात उपचारामुळे मृत्यू, दीर्घकाळ रक्तपेशी कमी राहणे, तीव्र संसर्ग, हृदय-फुप्फुस व मूत्रपिंडांची हानी यांचा चौकटीत इशारा आहे. पण अपयशाचा मोठा वाटा पिशवी येण्याआधीचा असतो : तुकड्यांतून पेशी वाढत नाहीत, वाढ दूषित होते, किंवा वाट पाहण्याच्या महिनाभरात रोगच इतका पसरतो की रुग्ण केमोथेरपी सोसण्याच्या अवस्थेत राहत नाही. उपचार मिळालेल्यांची टक्केवारी वाचताना, गाठ काढली पण पेशी कधी मिळाल्याच नाहीत असे रुग्ण तीत धरले आहेत का, हे आधी पाहावे.

निष्कर्ष

मान्यतेचा आधार असलेल्या चाचणीच्या एकत्रित विश्लेषणात १५३ रुग्ण होते. पीडी-१ रोधक आणि, गाठीत बीआरएएफ जनुकातला बदल असल्यास, बीआरएएफ रोधक औषधे त्यांना देऊन झाली होती. त्यांपैकी ३१.४ टक्क्यांच्या गाठी निकषानुसार लहान झाल्या. तुलनात्मक पुरावा मात्र नेदरलँड्स व डेन्मार्क येथील सार्वजनिक संस्थांनी मिळवला. २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत १६८ रुग्णांना टीआयएल किंवा इपिलिम्युमॅब (टी-पेशींवरचा दुसरा एक लगाम सैल करणारे औषध) देण्यात आले. रोग न वाढता गेलेला मध्यक काळ ७.२ विरुद्ध ३.१ महिने, प्रतिसाद ४९ विरुद्ध २१ टक्के आणि पूर्ण प्रतिसाद २० विरुद्ध ७ टक्के. तीव्र दुष्परिणाम टीआयएल घेतलेल्या प्रत्येकाला झाले, इपिलिम्युमॅबच्या गटात ५७ टक्क्यांना. दोन्ही चाचण्यांतले रुग्ण सारखे नव्हते, म्हणून ३१ आणि ४९ हे आकडे शेजारी ठेवून तुलना करणे चूक आहे.

मेलानोमाबाहेर

पचनसंस्थेच्या कर्करोगांत जनुकीय बदल कमी असतात आणि ते ओळखणाऱ्या पेशी विरळ. तिथे निवड टाळून चालत नाही. २०१४ मध्ये पित्तनलिकेच्या कर्करोगाच्या एका रुग्णाला ईआरबीबी२आयपी जनुकातला बदल ओळखणाऱ्या पेशींचे प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर नेऊन त्या दिल्यावर गाठी आकसल्या. २०१६ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या एका रुग्णाला केआरएएस जी१२डी हा बदल ओळखणाऱ्या पेशी दिल्या. फुप्फुसातल्या सातही गाठी लहान झाल्या आणि नऊ महिन्यांनी त्यांतली एक पुन्हा वाढली. ती तपासल्यावर दिसले, की नवप्रतिजन पृष्ठभागावर मांडणारे एचएलए-सी*०८:०२ हे जनुकच तिने गमावले होते. एकाच लक्ष्यावर भिस्त ठेवल्यास गाठ कशी निसटते, याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळाच.

२०२५ मध्ये राष्ट्रीय कर्करोग संस्थेने पचनसंस्थेच्या कर्करोगाच्या ९१ रुग्णांचे निष्कर्ष दिले. निवड न केलेल्या टीआयएलला १८ पैकी एकानेही प्रतिसाद दिला नाही. नवप्रतिजन ओळखणाऱ्या निवडक पेशींना ३९ पैकी ३ जणांनी, आणि निवडक पेशींसोबत पेम्ब्रोलिझुमॅब हे पीडी-१ रोधक औषध दिलेल्या ३४ पैकी ८ जणांनी. पद्धत तीच असली तरी निवड आणि सोबतचे औषध यांनी पडलेला फरक यात दिसतो.

दुसरी दिशा टीआयएलच्या जनुकांतच फेरफार करण्याची आहे. क्रिस्परसारख्या, जनुक कापण्याच्या तंत्रांनी पीडी-१ किंवा सीआयएसएच यांसारखे आतले लगाम कापून टाकण्याच्या चाचण्या झाल्या आहेत. काही गट इंटरल्यूकिन-१५ टीआयएलच्या पृष्ठभागावरच बसवतात आणि ॲसिटाझोलामाइड या जुन्या, तोंडाने घ्यायच्या औषधाने त्याचे प्रमाण कमीजास्त करतात. त्यामुळे इंटरल्यूकिन-२ ची इंजेक्शने पूर्णपणे वगळता येतात.