खड्डे, लेझर आणि स्ट्रीमिंग: डिस्क नेमकी कुठे हरली?

एकच पिक्चर दोनदा लावून बघा, एकदा स्ट्रीमिंग अ‍ॅपवर आणि एकदा फोर-के ब्लू-रे डिस्कवर, टीव्ही तोच. पिक्सेल दोन्हीकडे तेवढेच, ३८४० बाय २१६०. भर उन्हातला सीन असेल तर बऱ्याच जणांना काही फरक कळणार पण नाही. पण रात्रीचा सीन येऊ दे, धुकं येऊ दे, किंवा अंधाऱ्या खोलीत कोणी टॉर्च फिरवू दे, की स्ट्रीमिंगच्या काळोखात पायऱ्यांसारखे पट्टे दिसायला लागतात आणि डिस्कवर तोच काळोख सलग राहतो. कारण अगदी साधं आहे, फोर-के स्ट्रीमिंगच्या वाट्याला सेकंदाला साधारण १५ ते २५ मेगाबिट डेटा येतो आणि फोर-के डिस्कवरून तोच १०० मेगाबिटच्या वर जाऊ शकतो. आवाजाचंही तसंच, डिस्कवर तो काहीही न गाळता भरलेला असतो आणि स्ट्रीमिंगवर दाबून पातळ केलेला. म्हणजे माल डिस्ककडे चांगला, आणि तरी बाजार उठतोय तो डिस्कचाच.

उठतोय म्हणजे खरंच उठतोय. नेटफ्लिक्सने १९९८ मध्ये पोस्टाने डीव्हीडी पाठवून धंदा सुरू केला, २००७ मध्ये स्ट्रीमिंग आणलं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये डिस्कचं खातंच बंद केलं, तोवर ५०० कोटींच्या वर डिस्क पाठवून झाल्या होत्या. सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेसाठी नवे ब्लू-रे प्लेअर काढणं थांबवलं, २०२४ मध्ये एलजीनेही हात आखडता घेतला, आणि त्याच वर्षी रेडबॉक्सची, म्हणजे डिस्क भाड्याने देणाऱ्या मशीनवाल्या कंपनीची, हजारो मशीन्स दिवाळखोरीत बंद पडली. २०२५ च्या फेब्रुवारीत सोनीने कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणंही सोडलं.

इंटरनेट फास्ट झालं म्हणून डिस्क गेली, असं सगळे म्हणतात आणि ते खोटं नाही, पण ते अर्धंच उत्तर आहे. मला वाटतं खरी गंमत दुसरीकडे आहे. दोन तासांचा फुल एचडी पिक्चर जर काहीही न दाबता जसाच्या तसा साठवायचा ठरवला तर हिशोब असा होतो: १९२० गुणिले १०८० पिक्सेल, प्रत्येकाला २४ बिट, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे सेकंदाला जवळपास १२०० मेगाबिट आणि दोन तासांना हजार जीबीच्या वर. एवढा डेटा कुठेच मावत नाही, तारेतही नाही आणि डिस्कवरही नाही. मग दोनच रस्ते उरतात, एकतर साठवायची जागा वाढवा नाहीतर साठवायची गोष्ट कमी करा. डिस्कने दोन्ही केलं, पण तिचा खरा जीव पहिल्या रस्त्यात होता, आणि त्या रस्त्याच्या शेवटी फिजिक्सची भिंत होती.

डिस्कवर असतं काय, तर खड्डे. आतून बाहेर जाणारी एकच एक सर्पिल रेघ असते, तिच्यावर सूक्ष्म खड्डे, त्यावर चमकदार धातूचा पातळ थर. लेझरचा ठिपका त्या रेघेवरून धावतो आणि परत येणाऱ्या उजेडाची तीव्रता मोजली जाते. खड्ड्याची खोली लेझरच्या तरंगलांबीच्या साधारण चौथ्या भागाएवढी ठेवलेली असते, म्हणजे खड्ड्यावरून परतणारा उजेड जाऊन-येऊन अर्धी तरंगलांबी वेगळं अंतर कापतो, आणि आजूबाजूच्या सपाट भागावरून आलेल्या उजेडाला छेद देऊन तो मंद करतो. बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की खड्डा म्हणजे १ आणि सपाट म्हणजे ०, तसं नाहीये बरं का. खड्ड्याचा काठ आला, म्हणजे सुरुवात किंवा शेवट, की १, आणि दोन काठांमधल्या अंतरावरून मधले शून्य किती ते कळतं.

आता या ठिपक्याचा आकार हीच सगळ्या गोष्टीची किल्ली. लेझर कितीही भारी असला तरी उजेड एका मर्यादेपलीकडे बारीक गोळा करता येत नाही, ती मर्यादा ठरते तरंगलांबी भागिले लेन्सची एक संख्या, जिला न्यूमेरिकल अ‍ॅपर्चर म्हणतात, ती जेवढी मोठी तेवढा ठिपका छोटा. १९८२ च्या सीडीत ७८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड लेझर होता, १९९६ च्या डीव्हीडीत ६५० नॅनोमीटरचा लाल, आणि २००६ च्या ब्लू-रेमध्ये ४०५ नॅनोमीटरचा, नाव निळ्याचं पण खरं तर जांभळट. डीव्हीडीचं अ‍ॅपर्चर ०.६, ब्लू-रेचं ०.८५. हवं तर कॅल्क्युलेटर घ्या: ६५० भागिले ०.६ म्हणजे १०८३, आणि ४०५ भागिले ०.८५ म्हणजे ४७६, या दोघांचं गुणोत्तर साधारण २.२७, ठिपक्याचं क्षेत्रफळ हवं म्हणून त्याचा वर्ग केला की ५.२ च्या आसपास. आणि डीव्हीडीच्या एका थरात मावतात ४.७ जीबी, ब्लू-रेच्या एका थरात २५, म्हणजे ५.३ पट. एवढी मोठी झेप, आणि जवळजवळ सगळी ठिपक्याच्या आकारातून निघाली! सर्पिल रेघेच्या दोन वेढ्यांमधलं अंतर डीव्हीडीवर ०.७४ मायक्रॉन होतं, ब्लू-रेवर ०.३२ झालं, त्यामुळे त्याच १२ सेंटिमीटरच्या चकतीवरची रेघ उलगडली तर साधारण १२ किलोमीटरची २७ किलोमीटर होते.

हा निळा-जांभळा लेझर मिळवणं सोपं नव्हतं. गॅलियम नायट्राइडचे नीट स्फटिक बनवायला जपानमध्ये अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी वर्षानुवर्षं घालवली, निळ्या एलईडीसाठी २०१४ चं फिजिक्सचं नोबेल तिघांना मिळालं, आणि डिस्कवाला लेझर त्याच मटेरियलचा. आणि बारीक ठिपक्याची किंमतही मोजावी लागली, डेटाचा थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत आणावा लागला (डीव्हीडीत ०.६ होता), म्हणजे साधा ओरखडा थेट डेटाच्या उरावर. सुरुवातीच्या जपानी रेकॉर्डरमध्ये तर डिस्क प्लास्टिकच्या डबीत बंद असायची, मग टीडीके या जपानी कंपनीने कडक कोटिंग काढलं तेव्हा ती डबी गेली.

ओरखड्याचा विषय निघालाच आहे तर, एवढे चरे पडून डिस्क वाजतेच कशी, याचं श्रेय रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांच्या १९६० सालच्या कोडला. मूळ डेटासोबत काही जास्तीचे आकडे असे काढून ठेवायचे की मधले काही उडाले तरी उरलेल्यांवरून गणित मांडून ते परत मिळवता येतात. शिवाय शेजारशेजारचा डेटा पत्ते पिसल्यासारखा रेघेवर लांब-लांब पसरवून टाकतात, म्हणजे एका ठिकाणी ओरखडा पडला तर कुठल्याही एका तुकड्याचं थोडंथोडंच नुकसान होतं आणि तेवढं कोड भरून काढतो. सीडीमध्ये अशा पद्धतीने सलग अडीच मिलिमीटर रेघ उडाली तरी ती पूर्ण परत मिळते.

बरं, मग ४०५ च्या पुढे का नाही गेले? पुढे अल्ट्राव्हायोलेट लागतं, आणि डिस्कचं पॉलिकार्बोनेट प्लास्टिक अल्ट्राव्हायोलेट पिऊन टाकतं, वर त्याने खराबही होतं. अ‍ॅपर्चर हवेत १ च्या वर नेता येत नाही आणि ०.८५ आधीच वापरून झालेलं. म्हणून मग थर वाढवत बसले, २०१६ च्या फोर-के डिस्कवर तीन थर, १०० जीबी. लेझर तोच ४०५ चा. म्हणजे ठिपक्याचा रस्ता २००६ मध्येच संपला होता, नंतरची सगळी ओढाताण.

दुसरा रस्ता, गोष्ट कमी करायचा, तो मात्र अजून संपलेला नाही. व्हिडिओ कॉम्प्रेशन म्हणजे डोळ्याला कळणार नाही ते फेकून द्यायची कला. लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये भिंत तशीच असेल तर ती दुसऱ्यांदा कशाला पाठवायची, फक्त हललेला हात पाठवा. रंगाचे बारकावे डोळ्याला उजेडाइतके कळत नाहीत, म्हणून रंग चार पिक्सेलला मिळून एकदाच पाठवा. असं दाबायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. डीव्हीडीवर एमपेग-२ नावाचा कोडेक होता, २००३ मध्ये एच.२६४ आलं आणि त्याच दर्जाचं चित्र जवळपास निम्म्या डेटात मावायला लागलं, २०१३ मध्ये एचईव्हीसीने पुन्हा जवळपास निम्मं केलं, २०१८ मध्ये एव्ही१ आलं. आणि इथेच डिस्कची गोची झाली. हे कोडेक डिस्कवरही वापरता येतात, वापरलेही, पण दरवेळी नवी डिस्क आणि ती समजणारा नवा प्लेअर घ्यावा लागतो. डीव्हीडीचं स्टँडर्ड ज्या दिवशी ठरलं त्या दिवशी ती एमपेग-२ ला बांधली गेली ती कायमचीच. स्ट्रीमिंगवाला मात्र रातोरात आपली फाइल नव्या कोडेकने पुन्हा बनवतो, ज्यांचं यंत्र ते समजतं त्यांना नवी देतो, बाकीच्यांना जुनीच, आणि बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

पडद्यावरचे दाणे, म्हणजे ग्रेन, हे या बाबतीत माझं आवडतं उदाहरण. फिल्मवर शूट केलेल्या चित्रात बारीक दाण्यांची सळसळ असते, ती प्रत्येक फ्रेममध्ये वेगळी, काहीच रिपीट होत नाही, त्यामुळे कॉम्प्रेशनचा जीव जातो. कमी बिटरेटवर, म्हणजे सेकंदाला कमी डेटा मिळाला तर, एकतर दाणे पुसले जाऊन चेहरे मेणासारखे दिसतात नाहीतर त्यांचे चौकोनी ठोकळे होतात. एव्ही१ ने यावर भलतीच आयडिया काढली, आधी दाणे काढून टाकायचे, स्वच्छ चित्र दाबून पाठवायचं आणि सोबत फक्त एक वर्णन पाठवायचं की दाणे एवढे मोठे, एवढे दाट, मग तुमचं यंत्र त्या वर्णनावरून नवे दाणे तयार करून चित्रावर शिंपडतं. दिसायला मस्त दिसतं, पण ते दाणे त्या फिल्मवरचे नाहीत! कॅमेऱ्यासमोर त्या क्षणी फिल्मवर जे उमटलं ते वेगळं होतं. मला हे हुशार वाटतं आणि थोडं खटकतंही.

बाकी स्ट्रीमिंगचं पाइपलाइनचं काम थोडक्यात सांगतो. पिक्चरचे काही-काही सेकंदांचे तुकडे करतात, प्रत्येक तुकडा पाच-सहा वेगवेगळ्या दर्जांत बनवून ठेवतात, आणि तुमचं अ‍ॅप नेटचा स्पीड बघून दर तुकड्याला ठरवतं की आता कुठला मागायचा. म्हणून मधेच चित्र धूसर होतं आणि मग सुधारतं. त्या फाइल दूरच्या एका सर्व्हरवरून येत नाहीत, इंटरनेट कंपन्यांच्या नेटवर्कमध्ये जागोजागी ठेवलेल्या मशीनवरून येतात, नाहीतर एवढ्या लोकांनी एकाच वेळी बघितल्यावर सगळं केव्हाच ठप्प झालं असतं. पण याचा अर्थ असा की एकच पिक्चर तुम्ही आणि शेजाऱ्याने एकाच वेळी बघितला तरी दोघांच्या पडद्यावर पोचलेला डेटा सारखा असेलच असं नाही, आणि पुढच्या वर्षी तुम्हीच पुन्हा बघाल तेव्हा फाइलच वेगळी असू शकते.

डिस्क जिथे छापली तिथे थांबते, ते तिच्या मुळावर आलं हे खरं, पण नेमकं तेच काही लोकांना हवं असतं. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने स्वतःच्याच एका सिरीजमधला आत्महत्येचा सीन, सिरीज येऊन दोन वर्षं झाल्यावर, काढून टाकला. काढायला कारण चांगलं होतं, डॉक्टर मंडळींचा सल्ला होता, तो मुद्दा वेगळा, पण बघणाऱ्यांसाठी जुनी आवृत्ती एका दिवसात गायब झाली हे मात्र खरं. "विकत घ्या" असं बटण दाबून घेतलेला डिजिटल पिक्चरसुद्धा बहुतेक वेळा लायसन्सच असतो, हक्क संपले की दुकान तो काढून घेऊ शकतं, आणि अमेरिकेत कॅलिफोर्नियाने तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच लागू केला की हे लायसन्स आहे असं ग्राहकाला स्पष्ट सांगा.

म्हणून डिस्क म्हणजे अमरपट्टा असंही कोणी समजू नका. चमकदार थर बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमचा असतो, दोन थर चिकटवणारा गोंद खराब निघाला किंवा कडेने हवा-दमट शिरली की तो गंजतो, याला डिस्क रॉट म्हणतात. वॉर्नर ब्रदर्सच्या २००६ ते २००८ च्या दरम्यान छापलेल्या काही डीव्हीडी अशाच बिघडल्या आणि कंपनीने २०२५ मध्ये ते मान्यही केलं. दुसरं संकट कॉप्या होऊ नयेत म्हणून घातलेल्या कुलुपांचं. फोर-के डिस्क कॉम्प्युटरवर अधिकृतपणे चालवायला इंटेलच्या प्रोसेसरमधलं एसजीएक्स नावाचं सुरक्षा फीचर लागायचं, इंटेलने ११व्या-१२व्या पिढीच्या कोअर प्रोसेसरमधून ते काढूनच टाकलं. डिस्क ठणठणीत, ड्राइव्ह ठणठणीत, पण नवीन कॉम्प्युटर घेतला म्हणून पिक्चर चालत नाही, बोला आता.

त्यामुळे ज्यांच्याकडे डिस्क आहेत त्यांनी अधूनमधून एक-एक डिस्क दिव्यापुढे धरून बघावी, सुईच्या टोकाएवढी भोकं किंवा कडेने तपकिरी झाक दिसली तर ती आधी बघून घ्यावी. डिस्क उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून लांब, आणि त्यावर कागदी लेबल अजिबात चिकटवू नये, त्याच्या वजनाने आणि गोंदाने नुकसानच होतं. सेकंडहँड प्लेअर घेणार असाल तर नुसता चालू होतो का एवढं बघून पैसे देऊ नका, दोन थरांची डिस्क सोबत न्या आणि पिक्चर मध्यावर नेऊन थर बदलतो तिथे तो अडकतो का बघा, कारण आतल्या थराकडून परत येणारा उजेड कमी असतो आणि लेझर म्हातारा झाला की बऱ्याचदा तो सगळ्यात आधी तिथेच ठेचकाळतो.