ईटा कॅमेलिऑन्टिस: पृष्ठावर शांत, गाभ्यात खळबळ

‘ताऱ्याला आपल्या माणसाचं नाव द्या, प्रमाणपत्र मिळवा’ अशा जाहिराती अधूनमधून झळकतात. हा निव्वळ लुबाडण्याचा धंदा आहे. ताऱ्यांच्या नावांना मान्यता देते ती आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटना, आणि ती नावं विकत नाही. पण मला खरा राग येतो तो अंधुक तारे म्हणजे कुणीही नाव चिकटवावं असे बिनमहत्त्वाचे ठिपके, या समजाचा. त्यातल्याच एका ठिपक्याबद्दल हा लेख.

दक्षिण खगोलीय ध्रुवापासून जेमतेम 11 अंशांवर, कॅमेलिऑन म्हणजे सरडा या तारकासमूहात ईटा कॅमेलिऑन्टिस आहे. त्याची प्रत (तेजस्वितेचं माप; आकडा जितका मोठा, तितका तारा अंधुक) सुमारे 5.5, म्हणजे काळोख्या आकाशात नुसत्या डोळ्यांना कसाबसा दिसेल इतकाच. वर्णपट बी8, म्हणजे तो सूर्याहून बराच तप्त ताऱ्यांच्या वर्गातला, रंग निळसर पांढरा. अंधुक दिसतो तो 300 प्रकाशवर्षांहून थोडा जास्तच दूर असल्यामुळे. प्रत्यक्षात त्याचं तेज सूर्याच्या जवळपास शंभरपट आणि वस्तुमान सुमारे तिप्पट. इंधन तिप्पट आणि खर्च शंभरपट, त्यामुळे सूर्य मुख्य अनुक्रमावर, म्हणजे गाभ्यात हायड्रोजन जाळण्याच्या टप्प्यात, 1000 कोटी वर्षं काढेल, तर हा तीसेक कोटींतच आटोपेल.

आता माझ्या आवडीचा भाग. गाभ्यात निर्माण झालेली ऊर्जा बाहेर येते ती मुख्यतः प्रारणाने (प्रकाशाच्या रूपाने) किंवा अभिसरणाने (वायूच्या वर-खाली ढवळण्याने). सूर्यासारख्या ताऱ्याच्या बाहेरच्या थरांत हायड्रोजन अर्धवट आयनीभूत असतो, म्हणजे त्याच्या काही अणूंचे इलेक्ट्रॉन सुटलेले असतात. असा वायू प्रकाशाला सहज वाट देत नाही. ऊर्जा खाली तुंबते, तापलेला वायू वर चढतो, थंड झालेला खाली बुडतो. तळाशी जाळ लावलेल्या पातेल्यातल्या पाण्यासारखाच. ईटाच्या पृष्ठाचं तापमान 12,000 केल्व्हिनच्या आसपास, सूर्याच्या साधारण दुप्पट. तिथे हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन बहुतांशी आधीच सुटलेले असतात. प्रारणाला वाट मोकळी मिळते आणि बाहेरच्या थरांत ठळक अभिसरण होतच नाही.

गाभ्यात मात्र चित्र नेमकं उलटं. सूर्यात प्रोटॉन-प्रोटॉन साखळीचं राज्य आहे, तिचा वेग तापमानाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतो. ईटासारख्या ताऱ्यात कार्बन-नायट्रोजन-ऑक्सिजन चक्र चालतं. कार्बनचं केंद्रक चार प्रोटॉन गिळतं, हीलियमचं केंद्रक बाहेर टाकतं आणि स्वतः पुन्हा जसंच्या तसं उरतं. या चक्राचा वेग तापमानाच्या पंधराव्या-सोळाव्या घाताच्या आसपास वाढतो. त्यामुळे जवळजवळ सगळी ऊर्जा अगदी मध्यभागी, इवल्याशा जागेत तयार होते. एवढा लोंढा नुसत्या प्रारणाला पेलत नाही, म्हणून तिथला वायू सतत घुसळला जातो. थोडक्यात, सूर्य वरच्या थरांत ढवळतो, ईटा गाभ्यात.

आणि वरचं हे ढवळणं फार कामाचं असतं. ते ताऱ्याच्या स्वतःभोवतीच्या फिरण्याशी जुळलं की चुंबकीय क्षेत्र निर्माण होतं, प्रभामंडल, म्हणजे ताऱ्याचं सर्वांत बाहेरचं विरळ वातावरण, लाखो केल्व्हिनपर्यंत तापतं आणि क्ष-किरण बाहेर पडतात. कमी वस्तुमानाचे तरुण तारे तर झपाट्याने फिरतात, त्यामुळे त्यांचे क्ष-किरण सूर्याच्या कितीतरी पट प्रखर असतात. याच खुणेवरून, रोसॅट या क्ष-किरण उपग्रहाच्या निरीक्षणांच्या आधारे, 1999 साली एरिक मामाजेक, वॉरिक लॉसन आणि एरिक फायगेल्सन यांनी ईटाच्या अवतीभवती दडलेला छोटासा तारकागुच्छ जाहीर केला. बहुतेक सदस्य लालसर आणि अंधुक, मागच्या ताऱ्यांच्या गर्दीत सहज हरवून जाणारे. गुच्छाचं वय एक कोटी वर्षांच्या आसपास. ईटा या वयात मुख्य अनुक्रमावर स्थिरावलाही. त्याचे हलके भाऊबंद अजून गुरुत्वाकर्षणाखाली आकसतच आहेत.

यातली गंमत अशी की रोसॅटच्या स्रोतांच्या यादीत खुद्द ईटाचाही क्रमांक आहे. बी8 वर्गाच्या ताऱ्याकडे क्ष-किरणांसाठी लागणारं बाहेरचं अभिसरण नाही. अतितप्त ओ वर्गाच्या ताऱ्यांत जोरदार वाऱ्यांमधल्या धडकांतून क्ष-किरण निघतात, पण एवढा जोराचा वाराही इथे नसतो. अशा वेळी पहिला संशय जातो तो जवळच्या, निळसर झळाळीत लपलेल्या एखाद्या हलक्या सोबत्यावर.