नीरज आठवा, पण पुढे कोण होतं?

सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोची जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा संपली आणि उपवन तलावाच्या कट्ट्यावर सकाळच्या फेऱ्या मारून घाम पुसणाऱ्यांनी निकाल एका वाक्यात लावला, "नीरज आठवा आला, म्हणजे गेलंच सगळं." ठाणेकरांना धावणं काही नवीन नाही, वर्षा मॅरेथॉन भर पावसात उभं राहून बघणारं हे गाव. पण भारताचा हिशेब निघाला की बोलणं पदकावरच येऊन थांबतं.

आणि पदकं मोजायला एका हाताची बोटंही जास्त होतात. ही स्पर्धा १९८३ साली हेलसिंकीत सुरू झाली. आपलं पहिलं पदक यायला २० वर्षं लागली. २००३ ला पॅरिसमध्ये अंजू बॉबी जॉर्जने ६.७० मीटर लांब उडी मारून कांस्य घेतलं. रौप्य अवघ्या चार सेंटिमीटरने हुकलं. मग १९ वर्षं शुकशुकाट. २०२२ ला यूजीनमध्ये नीरजचं रौप्य, २०२३ ला बुडापेस्टमध्ये सुवर्ण. संपली यादी.

म्हणून मी अंतिम फेरीतली नावं बघतो. तिथे आपली माणसं भेटतात. माण तालुक्यातली ललिता बाबर २०१५ ला बीजिंगमध्ये स्टीपलचेसमध्ये आठवी आली. मग आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे, सियाचेनला तैनातीवर राहून आलेला जवान. स्टीपलचेस म्हणजे ३००० मीटर, २८ अडथळे आणि वर सात वेळा पाण्याचा खड्डा. साध्या हर्डलला पाय लागला तर ते आडवं होतं. इथला ओंडका जागचा हलत नाही, आडवा होतो तो धावणारा. २०१९ ला दोहात प्राथमिक फेरीत अविनाश दुसऱ्यांच्या पडापडीत अडकून मागे पडला. भारतीय पथकाने दाद मागितली, त्याला अंतिम फेरीत घेतलं गेलं, आणि तिथे ८ मिनिटं २१.३७ सेकंद ही वेळ देऊन त्याने तीन दिवसांत दुसऱ्यांदा राष्ट्रीय विक्रम मोडला. क्रमांक तेरावा. तेराव्याचं कौतुक कट्ट्यावर कोण करणार म्हणा!

बुडापेस्टमध्ये नीरजच्या सुवर्णाखाली आणखी एक गोष्ट झाकली गेली. पुरुषांच्या ४ x ४०० मीटर रिलेत आपली चौकडी प्राथमिक फेरीत २ मिनिटं ५९.०५ सेकंदांत धावली, हा आशियाई विक्रम होता. अमेरिका जेमतेम अर्ध्या सेकंदाने पुढे. अंतिम फेरीत भारत पाचवा.

आता टोकियो. नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचा सर्वेश कुशारे, मक्याच्या भुशाच्या गादीवर उड्या मारत शिकलेला पोरगा, २.२८ मीटर उंच उडी मारून सहावा आला. याआधी या स्पर्धेत उंच उडीच्या अंतिम फेरीत भारतीय पोचलाच नव्हता. आणि ज्या भालाफेकीत नीरज आठवा आला, त्याच भालाफेकीत सचिन यादव ८६.२७ मीटर फेकून चौथा होता. त्याचं कांस्य ४० सेंटिमीटरने गेलं.