रेडियमच्या त्या पाच जणी कोर्टात जिंकल्या नव्हत्या

'घड्याळांवर रेडियम रंगवणाऱ्या अमेरिकेतल्या मुलींनी कंपनीला कोर्टात हरवून भरघोस भरपाई घेतली', असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. न्यू जर्सीच्या पाच जणींबाबत हे खरं नाही. ब्रशचं टोक ओठांनी जुळवायला त्यांना कामावरच शिकवलं होतं. दर वेळी थोडं रेडियम पोटात जाई. दावा लावायची मुदत होती दोन वर्षं, आणि रेडियममुळे होणारा आजार तर त्यानंतर डोकं वर काढतो! शपथेला हात उचलता येत नव्हता अशा बायकांना तारखा पडत राहिल्या. मागणी प्रत्येकी अडीच लाख डॉलरची होती. जून १९२८ मध्ये तडजोड झाली: प्रत्येकीला रोख १०,०००, वर्षाला ६०० आणि औषधपाणी. निकाल लागलाच नाही. १९३८ मध्ये इलिनॉय राज्याच्या औद्योगिक आयोगाने मात्र तिथे हेच काम केलेल्या कॅथरीन डोनोह्यू यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी त्या गेल्या, तेव्हा त्यांच्या कंपनीचं अपील चालूच होतं.