नाशिकची वाइन : आस्वाद आणि जेवणाशी जोड

नाशिक जिल्ह्यातील द्राक्षांपासून तिथेच तयार झालेली वाइन डोळ्यांनी, नाकाने आणि जिभेने पारखणे, आणि कोणत्या पदार्थाबरोबर ती खुलते हे जुळवून पाहणे, अशी ही दुहेरी रीत आहे. गंगापूर धरणाचा परिसर, दिंडोरी, निफाड आणि इगतपुरी या भागांतील वायनऱ्यांमध्ये ती गेल्या दोन-अडीच दशकांत रुळली. रामकुंडावर डुबकी मारायला येणारे आणि धरणाकाठी ग्लास हातात घेऊन बसायला येणारे प्रवासी आता एकाच रेल्वे स्थानकावर उतरतात; कधी कधी ती माणसेही एकच असतात.

खाण्याच्या द्राक्षांसाठी नाशिक आधीपासूनच प्रसिद्ध होते. कॅलिफोर्नियात नोकरी करून परतलेल्या राजीव सामंत यांनी शहराजवळ वाइनच्या जातींची लागवड केली. केरी डॅम्स्की या अमेरिकी वाइननिर्मात्याच्या मदतीने त्यांच्या ‘सुला’ या वायनरीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. पुढच्याच वर्षी राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले, विंचूरला एमआयडीसीचे वाइन पार्क उभे राहिले आणि बागायतदारही वायनरी काढू लागले. सुलाची टेस्टिंग रूम, म्हणजे वाइन चाखून पाहण्याची जागा, २००५ मध्ये सुरू झाली. त्यानंतर वाइन हा नाशिकमध्ये बसून, विचारून, तुलना करून घेण्याचा प्रकार झाला. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

टेबलावर खायला ठेवतात ते थॉमसन जातीचे बिनबियांचे द्राक्ष आणि वाइनचे द्राक्ष यांत फार अंतर आहे. पांढऱ्या वाइनच्या शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां आणि तांबडीच्या शिराज, कॅबर्ने सोव्हिन्यों या जातींचे मणी लहान, साल जाड आणि आत बिया. हातात घेतलेला घड मुठीत मावेल एवढाच, पण चावला तर गोडीने ओठ चिकटतात. नाशिकचे द्राक्षवर्ष दोन छाटण्यांवर चालते : उन्हाळ्यातली खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. त्यामुळे युरोपात शरद ऋतूत होणारी तोडणी इथे साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते. दिवसाच्या उन्हाने साखर भरते आणि निफाडकडच्या कडाक्याच्या रात्री आंबटपणा टिकवून धरतात. नाशिकच्या पांढऱ्या वाइनमध्ये जी तरतरी लागते, तिचे मूळ या थंडीत आहे.

टेस्टिंगला एका वेळी साधारण चार ते सहा वाइन, प्रत्येकी दोन-तीन घोटांच्या मापाने ओततात. क्रम हलक्याकडून जडाकडे : स्पार्कलिंग (बुडबुड्यांची), पांढरी, रोझे (गुलाबी), तांबडी आणि शेवटी गोड. ग्लास दांड्याला धरतात, नाहीतर हाताच्या उबेने वाइन तापते. पांढऱ्या कागदावर तिरका धरला की शिराजचा मधला भाग जवळजवळ काळा आणि कड जांभळट दिसते. वय वाढते तशी ती कड विटकरीकडे झुकते. मग ग्लास गोल फिरवून वास, आणि त्यानंतर घोट. घोट लगेच न गिळता तोंडभर फिरवतात. शेजारी थुंकण्यासाठी भांडे असते. ते वापरायला बहुतेक पाहुणे लाजतात आणि पाचव्या ग्लासापर्यंत त्यांची चव बोथट होते.

वासांची शब्दावली मात्र अजून उसनी वाटते. सोव्हिन्यों ब्लांच्या वर्णनात येणारी ‘गूजबेरी’ मराठीत आवळा होऊन बसली आहे. प्रत्यक्षात ते वेगळेच फळ. त्यापेक्षा नुकत्याच चिरलेल्या ढोबळी मिरचीचा हिरवा वास आठवावा. तो उपमेपुरता नाही, कारण दोन्हींत मिथॉक्सीपायराझीन गटाची तीच संयुगे असतात. शिराजला जांभूळ आणि काळी मिरी, शेनिनला पिकता पेरू, एवढे म्हटले तरी नाशिककराला ग्लास ओळखता येतो. तांबड्या वाइनमध्ये साली रसासोबत आंबतात, त्यातून रंग येतो आणि टॅनिनही. टॅनिनसाठी मराठीत ‘तुरट’ हा नेमका शब्द तयारच आहे. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी आखडते, तसेच.

जोडीचा खरा प्रश्न तिखटाचा आहे. ‘माशाला पांढरी, मटणाला तांबडी’ हा नियम अशा स्वयंपाकातून आला, जिथे मिरची जेवणाचा कणा नव्हती. अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही तिखटाची आग वाढवतात, गोडवा ती शमवतो, बुडबुडे आणखी टोचतात. नाशिकची मिसळ घ्या : काळ्या मसाल्याचा रस्सा, मटकी, शेव, कांदा, लिंबू, शेजारी पापड आणि दह्याची वाटी. जड कॅबर्नेचा घोट यावर घेतला तर घसा पेटतो आणि वाइन कडू लागते. किंचित गोडसर, गार शेनिन मात्र दह्याचे काम करते. तिचा आंबटपणा लिंबाला भेटतो आणि गोडवा तर्रीला आवरतो. अडचण एकच : मिसळ सकाळची, वाइन संध्याकाळची.

कोथिंबीर वडी आणि सोव्हिन्यों ब्लां ही प्रस्तुत लेखकाच्या मते या जिल्ह्याची सर्वांत सहज जोडी आहे. हिरव्याला हिरवे भेटते आणि तळणाचा तेलकटपणा आंबट घोटाने कापला जातो. साबुदाणा वड्याला स्पार्कलिंग चालते, पण सोबतची हिरवी चटणी बेताने. भाजलेल्या वांग्याच्या भरताचा धूर ओक पिंपात मुरलेल्या शिराजशी जुळतो. काळ्या मसाल्याच्या मटणालाही शिराजच बरी, कारण मांसातली प्रथिने टॅनिनला बांधून ठेवतात आणि तुरटपणा मऊ होतो. मात्र रस्सा झणझणीत असेल तर रोझेकडे वळावे. गोडाच्या बाबतीत वाइन पदार्थापेक्षा गोड हवी. उशिरा तोडलेल्या शेनिनची गोड वाइन हापूसच्या फोडीबरोबर टिकते, पुरणपोळीपुढे मात्र पाण्यासारखी लागते. तिथे दूध-तूपच योग्य.

कायद्याने महाराष्ट्रात वाइन पिण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२२ मध्ये घेतला होता; विरोधामुळे तो बारगळला.

घरी जोड जमवताना बहुतेक वेळा चूक वाइनची नसते, तापमानाची असते. तांबडी वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी हा सल्ला थंड देशातल्या खोल्यांसाठी आहे, तिथे तो १६ ते १८ अंश भरतो. नाशिकच्या एप्रिलमधली दुपारची खोली ३० अंशांच्या पुढे असते आणि त्या उष्म्यात शिराजचा नुसता अल्कोहोल नाकात चढतो. जेवणाआधी अर्धा तास बाटली फ्रिजमध्ये ठेवावी. पांढरी त्याहून गार, ८ ते १० अंशांवर. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये झाकण घट्ट लावून दोन-तीन दिवस राहते. त्यानंतर उरलेली मटणाच्या मुरवणात घालावी.