बॅटरी उतरली की अल्टरनेटर गेला? सारखी दिसणारी लक्षणे आणि दोन वेगळे दोष

किल्ली फिरवल्यावर सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिली फिरकी देणारी स्टार्टर मोटर, नुसता कटकट करतो, डॅशबोर्डवरचे दिवे मंदावतात आणि इंजिन फिरत नाही, तेव्हा बहुतेक घरांत लगेच निष्कर्ष निघतो की बॅटरी गेली. बडोद्यात फोन केल्यावर तासाभरात नवी बॅटरी घरपोच बसवून देणारे दुकानदारही मिळतात, त्यामुळे हा निष्कर्ष तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. पुढच्या आठवड्यात नवी बॅटरीही उतरली की मात्र कळते की दोष तिच्यात नव्हता, तर तिला भरणाऱ्या अल्टरनेटरमध्ये होता. याच्या उलट, केवळ बॅटरी म्हातारी झाली असताना चांगला अल्टरनेटर काढून नवा बसवल्याची उदाहरणेही कमी नाहीत, आणि ती चूक कितीतरी महागात पडते.

दोघांची कामे वेगळी आहेत. बॅटरी वीज साठवते आणि इंजिन सुरू करण्याच्या काही क्षणांत सेल्फला प्रचंड प्रवाह पुरवते. इंजिन एकदा सुरू झाले की हेडलाइट, एसीचा पंखा, पेट्रोलचा पंप, इलेक्ट्रिक स्टिअरिंग यांना लागणारी वीज मुख्यतः अल्टरनेटर देतो आणि उरलेल्या विजेतून बॅटरी भरतो. तो पट्ट्याच्या साहाय्याने इंजिनावरच फिरतो. त्याच्या आत बेअरिंगवर फिरणारा रोटर, त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असलेला स्टेटर, रोटरला प्रवाह पोहोचवणारे कार्बन ब्रश, उलटसुलट प्रवाह एकाच दिशेचा करणारे डायोड आणि व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर असतो. यांपैकी ब्रश, बेअरिंग आणि रेग्युलेटर हे भाग आधी दगा देतात.

गोंधळाचे मोठे कारण डॅशबोर्डवरचा लाल दिवा आहे. त्यावर चित्र बॅटरीचे असते, पण तो बॅटरीच्या प्रकृतीबद्दल सहसा काहीच सांगत नाही. चार्जिंग होत नाही, एवढीच त्याची सूचना असते. इंजिन चालू असताना तो पेटला तर संशय आधी अल्टरनेटरवर, त्याच्या पट्ट्यावर आणि जोडण्यांवर घ्यावा. अनेक इंजिनांत तोच पट्टा इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही फिरवतो. लाल दिव्यासोबत तापमानाचा काटा चढू लागला तर पट्टा तुटला असण्याची शक्यता मोठी असते, आणि तेव्हा गाडी लगेच थांबवावी लागते. केवळ दिवा पेटला असेल तर गाडी काही काळ बॅटरीवर चालते, पण हा काळ फसवा असतो. 35 अँपिअर-तासांच्या बॅटरीतून रात्री दिवे, पंखा आणि पंप मिळून 30 अँपिअरच्या आसपास प्रवाह जात असेल, तर ती तासभरही पुरेल याची खात्री नाही. जुनी असेल तर त्याहून कमी. म्हणून अहमदाबादला जाणाऱ्या सुमारे 93 किलोमीटरच्या एक्सप्रेसवेवर चढल्या चढल्या हा दिवा लागला, तर पुढे रेटण्याऐवजी एसी आणि अनावश्यक उपकरणे बंद करून आणंद किंवा नडियादच्या फाट्याला बाहेर पडणे शहाणपणाचे आहे.

खरा निवाडा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजणारे छोटे उपकरण, करतो, आणि तो प्रत्येक गाडीत ठेवावा असे माझे आग्रहाचे मत आहे. गाडी काही तास उभी राहिल्यावर, इंजिन बंद असताना बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर घेतलेले माप बॅटरीविषयी बोलते: 12.6 व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी, 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना हे माप साडेनऊच्या खाली घसरले तर भरलेली दिसणारी बॅटरीही आतून थकलेली असते. इंजिन चालू करून घेतलेले माप मात्र अल्टरनेटरचे असते. ते साधारण 13.8 ते 14.5 च्या दरम्यान असावे आणि हेडलाइट व पंखा लावल्यावरही फारसे ढळू नये. इंजिन चालू असताना आकडा साडेबाराच्या खाली उतरतच राहिला, तर चार्जिंग होत नाही. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलेला असतो. तेव्हा बॅटरी उकळते, सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि बल्ब वारंवार जातात. अलीकडच्या अनेक गाड्यांत संगणक मुद्दाम व्होल्टेज कमी-जास्त करतो, त्यामुळे तिथे एका मापावरून निकाल न देता दिवे लावून, वेग बदलून अनेकदा मोजावे.

मल्टिमीटर नसेल तर दोन गाड्यांच्या बॅटऱ्या जोडणारी जंपर केबलही बरेच सांगून जाते. दुसऱ्या गाडीच्या आधाराने इंजिन सुरू झाले, केबल काढल्यावर गाडी दिवसभर चालली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा अडली, तर बॅटरी किंवा उभ्या गाडीत होणारी गळती पाहावी. केबल काढल्यावर थोड्याच वेळात दिवे मंद होऊन इंजिन बंद पडले, तर अल्टरनेटर पाहावा.

उभ्या गाडीचा प्रश्न आपल्याकडे विशेष आहे. मुले पुण्याला किंवा परदेशी, आईवडील महिनाभर त्यांच्याकडे, आणि गाडी दांडिया बाजारातल्या एखाद्या वाड्याच्या चौकात झाकून ठेवलेली, हे चित्र नेहमीचे आहे. बंद गाडीतही अलार्म, घड्याळ आणि संगणक थोडा प्रवाह ओढतच राहतात. तो 50 मिलिअँपिअर धरला तरी दिवसाला 1.2 अँपिअर-तास होतात आणि महिन्यात 35 अँपिअर-तासांची बॅटरी रिकामी होते. यात अल्टरनेटरचा काहीही दोष नाही. निघण्यापूर्वी ऋण टर्मिनल सोडवून ठेवले तरी पुरते. रावपुरा ते मांडवी अशा रोजच्या छोट्या फेऱ्यांतही अल्टरनेटर निर्दोष असतो, पण बॅटरी पुरेशी भरण्याइतका वेळच त्याला मिळत नाही.

एक दोष मात्र दोघांच्या सीमेवर बसतो. अल्टरनेटरमधला एखादा डायोड बिघडला तर दिवसा चार्जिंग जेमतेम होत राहते, लाल दिवाही नीट पेटत नाही आणि रात्रभर बॅटरीतली वीज उलट अल्टरनेटरमधून वाहून जाते. लक्षण बॅटरीचे, आजार अल्टरनेटरचा. इंजिन चालू असताना मल्टिमीटर एसी व्होल्टवर (उलटसुलट प्रवाहाच्या मापावर) ठेवून बॅटरीवर माप घ्यावे. ते अर्ध्या व्होल्टच्या वर गेले तर डायोडवर संशय घ्यावा. तसेच गंजलेले टर्मिनल किंवा बॅटरीला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी अर्थिंगची पट्टी सैल असेल तर ती दोन्ही दोषांची हुबेहूब नक्कल करते, म्हणून काहीही विकत घेण्यापूर्वी त्या जोडण्या घासून घट्ट कराव्यात.

बडोद्याचे हवामान दोघांनाही वेगवेगळ्या वाटेने छळते. चाळिशी ओलांडणारा उन्हाळा मुख्यतः बॅटरीचे आयुष्य कमी करतो, तर विश्वामित्री नदीचा पूर अल्टरनेटरचा शत्रू आहे. थंड राहावा म्हणून त्याच्या आवरणाला खिडक्या ठेवलेल्या असतात आणि अनेक इंजिनांत तो खालच्या बाजूला असतो. ऑगस्ट 2024 च्या अखेरीस शहरातल्या असंख्य गाड्या पुराच्या पाण्यात उभ्या होत्या. अशा गाडीची बॅटरी बहुधा टर्मिनल साफ करून आणि भरून घेऊन चालते, पण अल्टरनेटरमध्ये गेलेला गाळ पाणी वाळल्यावरही तिथेच राहतो, बेअरिंगचे ग्रीस बिघडवतो आणि ब्रश झिजवतो. म्हणूनच काही आठवड्यांनी घरघर सुरू होते. पुरात बुडालेला अल्टरनेटर आवाज करायची वाट न पाहता खोलून साफ करून घ्यावा.

जुने कारागीर चालू इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल काढून पाहतात. गाडी चालू राहिली तर अल्टरनेटर चांगला, असा त्यांचा हिशेब असतो. आजच्या गाडीवर ही परीक्षा करू देऊ नये. बॅटरी अचानक सुटल्यावर व्होल्टेज क्षणभर उसळते, आणि त्यात डायोड तसेच इंजिनचा संगणक जळू शकतो.

निदान पक्के झाल्यावर दुरुस्ती की बदल, हा प्रश्न उरतो. केवळ ब्रश, रेग्युलेटर किंवा बेअरिंग गेले असेल तर चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडची दुरुस्ती पुरते. स्टेटर जळला असेल, जळका वास येत असेल किंवा रोटरची तांब्याची कडी खोल झिजली असतील, तर पूर्ण अल्टरनेटर बदलावा. नवा घेताना जुन्यावर छापलेला अँपिअरचा आकडा, पुली आणि जोडणीचा सॉकेट जुळवून पाहावा. काम सुरू करण्यापूर्वी ऋण टर्मिनल सोडवणे अनिवार्य आहे, कारण अल्टरनेटरची जाड तार थेट बॅटरीशी जोडलेली असून इंजिन बंद असतानाही जिवंत असते. पट्टा कसा फिरतो याचा फोटो आधी काढून ठेवावा, आणि त्याला चिरा पडल्या असतील तर पट्टाही त्याच वेळी बदलावा. पूर्ण उतरलेली बॅटरी आधी चार्जरवर भरून मगच जोडावी. तसे न केल्यास नवा अल्टरनेटर पहिल्याच दिवशी तासन्‌तास पूर्ण ताकदीने राबतो आणि तापतो. बसवून झाल्यावर दिवे आणि पंखा लावून चालू इंजिनावरचे माप कारागिरासमोरच पाहावे व तो आकडा बिलावर लिहून घ्यावा.