रोज तोच बँड बघायला कशाला जायचं? डेडहेड्सची पार्श्वभूमी

एखाद्या बँडचा शो आवडला म्हणून दुसऱ्या दिवशी गाडी काढून पुढच्या गावात तोच बँड बघायला जायचं, तिसऱ्या दिवशी त्याच्या पुढच्या गावात, असं महिना महिना, हे ऐकलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो म्हणजे हे लोक पोटापाण्याचं काय करतात. त्याचं उत्तर आहे, पुढे सांगतो. पण त्याच्या आधीचा प्रश्न असा की तेच तेच बघून कंटाळा नाही का येत? अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड या बँडच्या मागे लोक तीस वर्षं फिरले, त्यांना डेडहेड्स म्हणतात, आणि टूरभर बँडच्या मागे फिरायची जी काही रीत आज रॉकमध्ये आहे ती बऱ्यापैकी यांच्यापासून चालत आलीये.

सुरुवात १९६५ ची, कॅलिफोर्नियातलं पालो आल्टो. जेरी गार्सिया, बॉब विअर, पिगपेन, बिल क्रॉइट्झमन आणि फिल लेश अशी पाच पोरं, बँडचं नाव आधी वॉरलॉक्स होतं, ते त्याच वर्षी बदलून ग्रेटफुल डेड झालं. तेव्हा केन कीसी या कादंबरीकाराच्या टोळक्याच्या 'ॲसिड टेस्ट' नावाच्या पार्ट्या चालायच्या (एलएसडीवर कॅलिफोर्नियात बंदी आली ती ऑक्टोबर १९६६ मध्ये, त्याआधी ते कायदेशीर होतं, आज खरं वाटत नाही) आणि हा बँड त्या पार्ट्यांना वाजवायचा. तिथे कोणी तिकीट काढून यांना बघायला आलेलं नसायचं, त्यामुळे मूड लागला तर तासन्‌तास वाजवायचं, नाही लागला तर पाच मिनिटांत गिटार खाली ठेवायची, कोण विचारतंय. माझ्या मते पुढचं सगळं या सवयीतून आलं. लोकांसमोर 'कार्यक्रम सादर करणं' हे यांच्या अंगवळणी कधी पडलंच नाही, स्टेजवर जायचं आणि आज काय सुचतंय ते बघायचं.

याचा परिणाम असा झाला की सेटलिस्ट ठरलेली नसायची. आज वाजवलेलं गाणं उद्या येईल याची खात्री नाही, एखादं गाणं वर्षानुवर्षं गायब होऊन अचानक एखाद्या आडगावच्या शोमध्ये यायचं, एकच गाणं एके दिवशी दहा मिनिटं तर दुसऱ्या दिवशी पंचवीस. १९६५ ते १९९५ या काळात यांनी २,३०० च्या आसपास कार्यक्रम केले आणि त्यातला कुठलाही दुसऱ्यासारखा नाही. आपल्याकडच्या मैफली ऐकणाऱ्या माणसाला हे वेगळं समजवायला नको, 'त्या वर्षीच्या सवाईतला मारवा' असं म्हणणारे काका प्रत्येकाच्या ओळखीत एक तरी असतातच, तोच राग, तेच बुवा, पण त्या रात्रीचा वेगळा. डेडहेडचंही तेच. फक्त आपले काका पुण्यातच थांबले, बुवांच्या मागे धारवाडपर्यंत बस पकडून गेले नाहीत. आणि हे गेले कारण कालचा शो सुमार झाला तरी उद्याचा भन्नाट होईल अशी शक्यता कायम असायची. सुमार पण भरपूर व्हायचे बरं का, हे डेडहेड्स स्वतःच सांगतात, सूर घसरलेले, गार्सिया शब्द विसरलेला, सगळं.

पण नुसतं वाजवणं वेगळं असून भागत नाही, पुढचा शो कुठे आहे हे कळायला तर पाहिजे. १९७१ मध्ये त्यांचा जो लाइव्ह अल्बम आला (कवटी आणि गुलाबाच्या चित्रामुळे त्याला सगळे त्याच नावाने ओळखतात) त्याच्या आतल्या बाजूला एक निवेदन छापलं होतं, साधारण असं की डेड फ्रीक्स एक व्हा, कोण आहात, कुठे आहात, कसे आहात, नाव-पत्ता पाठवा म्हणजे तुम्हाला कळवत राहू. खाली सॅन राफाएल गावातल्या पोस्ट बॉक्सचा पत्ता. झालं, पत्रांचा ढीग पडायला लागला. काही वर्षांत यादी हजारोंच्या घरात गेली, ती सांभाळायला आयलीन लॉ नावाची बाई ऑफिसात बसायची, ती पत्रकं पाठवायची आणि पुढे हॉटलाइन सुरू झाली तेव्हा फोनवर टूरच्या तारखा सांगणारा आवाज पण तिचाच. रेकॉर्ड कंपन्या तेव्हा रेडिओवर गाणं वाजावं म्हणून जिवाचा आटापिटा करत होत्या आणि या लोकांनी सरळ ऐकणाऱ्याच्या घरचा पत्ताच घेऊन ठेवला, आज सगळे बँड ईमेल लिस्ट करतात ते काय वेगळं आहे.

दुसरी गोष्ट टेपची. लोक लपूनछपून टेपरेकॉर्डर आत न्यायचे, सुरुवातीला बँडची रोडी मंडळी (टूरवर सामान वाहणारी, स्टेज लावणारी माणसं) माईकच्या वायरी कापायची पण. पण बँडने हळूहळू काणाडोळा केला, गार्सियाचं म्हणणं असायचं की आमचं वाजवून झालं की ते त्यांचं. पुढे माईकच्या काठ्यांचं इतकं जंगल झालं की मागच्या लोकांना स्टेज दिसेना, साउंड बघणाऱ्या माणसालाही दिसेना, म्हणून ऑक्टोबर १९८४ मध्ये बर्कलीच्या शोपासून टेपर लोकांसाठी साउंड बोर्डाच्या मागे वेगळी जागा आणि वेगळी तिकिटं सुरू केली. म्हणजे ज्याला बाकीचे बँड चोरी म्हणत होते त्याला यांनी रांगेत उभं करून तिकीट दिलं! सोनीचा टीसी-डी५एम हा डेक आणि मॅक्सेलची एक्सएल-टू ९० मिनिटांची कॅसेट हा ठरलेला सरंजाम. एक बाजू ४५ मिनिटांची, त्यामुळे कॅसेट उलटायची कधी हा मोठा प्रश्न, गाण्याच्या मध्येच टेप संपली तर महिनाभर शिव्या खाव्या लागायच्या. दुसऱ्या सेटच्या मधोमध दोन ड्रमर एकटेच वाजवायचे तो भाग यायचा, तेव्हा बहुतेकांचे हात डेककडे जायचे. नियम एकच, टेप विकायची नाही. बदल्यात टेप द्या, नाहीतर कोरी कॅसेट आणि परतीचं पोस्टेज पाठवा, मी भरून देतो. आपल्याकडे खाजगी मैफलींच्या स्पूल कपाटात कुलूप लावून ठेवणारे लोक बघितले की हा फरक जाणवतोच, असो.

डिक लाटवाला नावाचा असाच एक टेपवेडा तिकडे हवाईमध्ये बसून कॅसेटी जमवायचा, त्याला शेवटी बँडनेच आपल्या टेपांचं भांडार सांभाळायला ठेवलं आणि १९९३ पासून त्याच्या निवडीचे शो अल्बम म्हणून निघायला लागले. कॉर्नेल विद्यापीठातला ८ मे १९७७ चा शो तर टेपवरून टेप, त्याच्यावरून टेप अशा फिरलेल्या कॉपींमुळेच अजरामर झाला, रीतसर अल्बम आला २०१७ मध्ये, म्हणजे ४० वर्षांनी, तोपर्यंत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवायच्या रेकॉर्डिंगच्या यादीत तो घेतला पण होता.

मध्ये १९७४ ला एक उद्योग झाला. 'वॉल ऑफ साउंड' म्हणून स्पीकरची भिंत बांधली, सहाशेच्या आसपास स्पीकर, ७५ टन वजन, एक स्टेज उभं असताना दुसरं पुढच्या गावात आधीच उभारायला घ्यावं लागायचं. आवाज अफाट, खर्च त्याहून अफाट. वर्ष संपायच्या आत बँडनेच थकून सुट्टी जाहीर केली, परत टूरवर आले ते १९७६ च्या जूनमध्ये. सप्टेंबर १९७८ मध्ये तर इजिप्तला जाऊन गिझाच्या पिरॅमिडपाशी तीन रात्री वाजवलं, तिसऱ्या रात्री खग्रास चंद्रग्रहण, ड्रमर क्रॉइट्झमनचं मनगट मोडलेलं म्हणून तो एका हाताने वाजवतोय, आणि अमेरिकेतून विमान पकडून गेलेले डेडहेड्स तिथेही हजर.

यात आपला एक धागा पण आहे. १९६७ मध्ये बँडमध्ये आलेला दुसरा ड्रमर मिकी हार्ट उस्ताद अल्लारखांकडे शिकला, अकरा मात्रांचं गाणं रॉकच्या स्टेजवर आलं ते काय उगाच नाही. नंतर माहीमचे झाकीर हुसेन कॅलिफोर्नियात अली अकबर खाँसाहेबांच्या कॉलेजमध्ये शिकवायला लागले, ते कॉलेज मरिन काउंटीतच, डेडच्या ऑफिसच्या पंचक्रोशीत म्हणा ना. तिथल्या तालाच्या क्लासमधून डिगा रिदम बँड उभा राहिला, १९७६ चा त्यांचा अल्बम हार्टने काढला, त्यात गार्सियाची गिटार आहे. झाकीरभाई आणि हार्ट पुढे कित्येक वर्षं एकत्र वाजवत राहिले, हार्टच्या प्लॅनेट ड्रम या अल्बमला ग्रॅमी मिळालं ते याच जोडीमुळे.

आता पोटापाण्याचं. शो जिथे असेल तिथल्या पार्किंग लॉटमध्ये आदल्या दिवसापासूनच बाजार भरायचा, लोक त्याला शेकडाउन स्ट्रीट म्हणायचे. जुनाट फोक्सवॅगन बस, मागचं दार उघडं, त्यात स्टोव्ह, त्यावर ग्रिल्ड चीज सँडविच नाहीतर भाज्या भरलेले बरिटो, शेजारी दोरीवर रंगीबेरंगी टाय-डाय टीशर्ट. दिवसभर विकायचं, पुढच्या गावचं पेट्रोल आणि तिकीट निघालं की बास. ज्याचं नाही निघालं तो एक बोट वर करून गर्दीत फिरायचा, म्हणजे एक तिकीट द्या हो कोणीतरी फुकट, याला एका गाण्यावरून 'मिरॅकल' म्हणायचे, आणि मिळायचंही. नशापाणी होतंच, ते झाकायचं कारण नाही, पण त्याच गर्दीत व्हार्फ रॅट्स म्हणून नशा सोडलेल्यांचा गट असायचा, पिवळे फुगे लावलेल्या टेबलापाशी मध्यंतरात जमायचे, एकमेकांना धरून राहायचे. हे मला फार भारी वाटतं, की सगळं सोडायचंय पण गाणं सोडायचं नाहीये.

तिकिटांचं पण यांनी १९८३ पासून स्वतःच्या हातात घेतलं. पद्धत अशी की हॉटलाइनवर तारखा ऐकायच्या, तीन बाय पाच इंचाच्या कार्डावर कुठला शो, किती तिकिटं ते लिहायचं, पोस्टाची मनी ऑर्डर आणि स्वतःचा पत्ता लिहिलेलं पाकीट आत घालायचं आणि सांगितलेल्या तारखेचाच शिक्का बसेल असं टाकायचं. नशीब फळफळावं म्हणून लोक पाकिटांवर कवट्या, गुलाब, अस्वलं असली चित्रं तासन्‌तास बसून काढायचे, उघडणाऱ्याचं मन वळेल या आशेने. त्यातली बरीच पाकिटं आज कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या विद्यापीठात बँडच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवलीत.

मग १९८७ उजाडलं आणि घोळ झाला. 'टच ऑफ ग्रे' हे गाणं चक्क हिट झालं, टॉप टेनमध्ये, २२ वर्षांत पहिल्यांदाच. एमटीव्हीवर लागायला लागलं आणि शोबाहेर अशी पोरं यायला लागली ज्यांना आत काय चाललंय याच्याशी देणंघेणं नव्हतं, बाहेरची पार्टी पुरेशी होती. जुने लोक त्यांना टचहेड्स म्हणून नाकं मुरडायचे, थोडा शिष्टपणाच तो, पण गावोगावच्या महापालिका वैतागल्या हे खरं. १९८९ च्या सुमारास शोबाहेर दुकानं लावायला आणि तंबू ठोकायला बंदी आली, म्हणजे टूरवर जगण्याचा जो आर्थिक कणा तोच मोडला. शिवाय १९८६ च्या अमली पदार्थ कायद्यात किमान शिक्षा वजनावर ठरायची, आणि एलएसडीच्या बाबतीत ज्या कागदावर ते टिपलेलं असायचं त्या कागदाचं पण वजन धरायचे. सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये चॅपमन खटल्यात हे बरोबर ठरवलं. माल नखभर, कागद ढीगभर, शिक्षा कागदाच्या हिशोबाने, आणि असे कितीतरी डेडहेड्स वर्षानुवर्षं आत गेले. या भागाबद्दल आठवणींमध्ये रमणारे लोक सहसा बोलत नाहीत.

१९९५ चा उन्हाळा फारच वाईट गेला. २ जुलैला इंडियानातल्या डिअर क्रीकला हजारो बिनतिकीट लोकांनी कुंपण पाडून आत घुसखोरी केली, गार्सियाला त्याच दिवशी जिवे मारण्याची धमकी आलेली, दुसऱ्या दिवशी बंदोबस्ताला यायला पोलिसांनीच नकार दिला आणि शो रद्द झाला. बँडने सगळ्यांच्या सह्यांचं पत्र काढलं, तिकीट नसेल तर येऊ नका, हे असंच चालणार असेल तर टूर बंद करावी लागेल. ती बंद व्हायला पुढे आठवडासुद्धा लागला नाही. ९ जुलैला शिकागोच्या सोल्जर फील्डला शेवटचा शो झाला, ९ ऑगस्टला गार्सिया ५३ व्या वर्षी व्यसनमुक्ती केंद्रात वारला. त्याच्या अस्थींचा काही भाग पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये बॉब विअरने ऋषिकेशला येऊन गंगेत सोडला.

फिरणारे लोक थांबले नाहीत, बरेचसे फिशच्या मागे लागले. व्हरमाँटचा हा बँड १९८३ पासूनचा, टेप करायची मुभा, रोज वेगळी गाणी, सगळा धडा इथूनच घेतलेला, २०१७ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला लागोपाठ १३ कार्यक्रम केले आणि एकही गाणं परत वाजवलं नाही. डेडच्या टेपा इंटरनेट आर्काइव्हवर गेल्या, २००५ मध्ये बँडने डाउनलोड बंद करायला लावलं तर डेडहेड्सनीच बँडविरुद्ध बोंब मारली, शेवटी प्रेक्षकांतून केलेली रेकॉर्डिंग परत मिळाली आणि साउंड बोर्डावरून थेट घेतलेली फक्त ऐकण्यापुरती राहिली. विअर आणि हार्टने २०१५ मध्ये डेड अँड कंपनी काढली, २०२३ ला टूर थांबवली आणि २०२४ च्या उन्हाळ्यात लास व्हेगासच्या स्फिअर या सभागृहात ३० कार्यक्रम केले. गाणी तिथेही रोज बदलायची. बँड एका जागी बसलेला आणि लोक विमानाने येणारे, व्हॅनमध्ये झोपायचं सोडाच, व्हेगासच्या हॉटेलचं भाडं भरायला लागायचं, आणि शेकडाउन स्ट्रीटचा बाजार जवळच्या एका हॉटेलात एसीत भरायचा.